बाहेर टांगलेले इंजिन

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात थोरले मामा होडीचे इंजिन खांद्यावर घेऊन घरी येत आणि त्या दिवसापासून आमच्या आजोळी पावसाळा सुरू झाला असे धरले जाई. आभाळात ढग असोत वा नसोत. कर्ली खाडीच्या काठावरच्या त्या घराच्या पडवीत एक लाकडी घोडा होता. त्याच्या आडव्या फळीला ते इंजिन दोन क्लॅम्पनी आवळले जाई आणि वर गोणपाट टाकले जाई. डोके जड, मान आखूड, खाली एक लांब पाय आणि पायाच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा, असे ते चार महिने तिथे उभे असे. रात्री पडवीतून जाताना अंधारात त्याच्या हँडलवर माझे कपाळ दोनदा आपटलेले आहे, त्यामुळे त्याची उंची मला आजही नीट आठवते.

आउटबोर्ड इंजिनाचे फायदे विचारले की लोक पहिल्यांदा वेग सांगतात, मग श्रम वाचतात असे सांगतात. दोन्ही खरे आहे, पण ते कोणत्याही इंजिनाबद्दल खरे आहे. आउटबोर्डचा खास म्हणावा असा फायदा माझ्या मते एकच आहे, आणि बाकीचे सारे फायदे, शिवाय जवळजवळ सारे तोटेही, त्याच्याच पोटातून निघतात. हे इंजिन होडीचे नसते. ते होडीला टांगलेले असते, आणि टांगलेली वस्तू काढता येते.

आत बसवलेल्या इंजिनाशी तुलना केली की हे लगेच कळते. मोठ्या लाँचमध्ये किंवा ट्रॉलरमध्ये डिझेल इंजिन होडीच्या पोटात असते. त्याचा दांडा तळाला पाडलेल्या भोकातून पाण्यात जातो, त्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून भोवती पॅकिंग आवळावे लागते, आणि ते कितीही आवळले तरी थेंब थेंब गळतच राहते. इंजिनाला पाया लागतो, थंड करायला पाण्याचे नळ लागतात, धूर बाहेर सोडायला पाइप लागतो आणि वळायला मागे वेगळे सुकाणू लागते. सोळा-अठरा फुटांच्या होडीत एवढे सगळे मांडले की जाळे ठेवायला आणि माणसे बसायला जागाच उरत नाही. आउटबोर्डने हा सगळा पसारा उचलून पिछाडीच्या फळीबाहेर नेला. वर इंजिन, मधून खाली उतरणारा उभा दांडा, तळाशी दोन दातेरी चाके जी उभी फेर आडवी करतात, आणि पंखा. बहुतेक इंजिनांत धूरसुद्धा पंख्याच्या पोकळ बुंध्यातून पाण्याखालीच सोडलेला असतो. होडीला भोक पाडायचे नाही, तेलाचा वास पोटात साठत नाही, आणि पेट्रोलची वाफ तळाशी कोंडून ठिणगीने भडकण्याची भीतीही पुष्कळ कमी होते.

सुकाणूचे काम तेच इंजिन करते, आणि ते सुकाणूपेक्षा निराळ्या रीतीने करते. सुकाणू पाण्याला फक्त अडवते, म्हणून होडीला वेग असल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. आउटबोर्डचे हँडल फिरवले की पंख्याचा जोरच दुसऱ्या दिशेने लागतो, म्हणून होडी जवळजवळ जागच्या जागी वळवता येते. आमच्या खाडीत कांदळवनातून जाणारे काही फाटे इतके अरुंद आहेत की दोन होड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागते. तिथे मामा ज्या सहजतेने होडी वळवत, ती एखाद्या जुन्या रिक्षावाल्याच्या सहजतेशीच तुलना करण्याजोगी होती. ओहोटीला पाणी गुडघाभर झाले की इंजिन पुढे कलंडवून पंखा पाण्याबाहेर काढायचा आणि बांबूने रेटत जायचे. आतल्या इंजिनाची होडी अशा वेळी वाळूत बसते आणि पुढच्या भरतीची वाट पाहते.

मामांनी ते इंजिन 1989 साली जुने म्हणून विकत घेतले. आठ अश्वशक्ती, दोन स्ट्रोक, वजन साधारण सत्तावीस किलो. ज्याने तांदळाचे पोते उचलले आहे त्याला सत्तावीस किलो फार वाटणार नाही, पण पोते खांद्यावर बसते आणि इंजिन बसत नाही. त्याचा सगळा भार डोक्याकडे असतो, लांब पाय पाठीमागे हेलकावे खातो आणि चालताना पंख्याचे पाते पोटरीला लागते. मामा ते उजव्या खांद्यावर तिरपे घेत, डोके पुढे वर, पाय मागे खाली, आणि खांद्याखाली भिजवून पिळलेला पंचा घालत. धक्क्यापासून घरापर्यंत सुपारीच्या बागेतून अर्धा मैल वाट होती. वाटेत ते एकदाच टेकत, विहिरीच्या कठड्याशी, आणि तेही इंजिन उभे धरूनच. आडवे किंवा उलटे ठेवले तर पायातले उरलेले खारे पाणी उतरून वर इंजिनाच्या डोक्यात शिरते, आणि मग दुरुस्तीवाल्याकडे जावे लागते.

दुरुस्तीवाला मालवणला होता आणि त्याच्याकडे इंजिन एस.टी.ने जाई. टाकी वेगळी काढून घरी ठेवायची, कार्बोरेटरमधला पेट्रोलचा शेवटचा थेंब फडक्यावर उतरवायचा, इंजिन गोणपाटात गुंडाळून सुंभाने बांधायचे आणि सकाळच्या गाडीत मागच्या बाकाजवळ उभे करायचे. कंडक्टर सामानाचे तिकीट फाडी. एकदा एका नव्या कंडक्टरने गोणपाटातून डोकावणारा पंखा पाहून हा टेबलफॅन आहे का असे विचारले होते, आणि मामांनी गंभीर चेहऱ्याने होकार दिला होता. त्या दिवशी होडी धक्क्याला बांधून राहिली नाही, धाकट्या मामांनी ती वल्हवत नेऊन खाडीत जाळे टाकले आणि घरी मासे आलेच. इंजिन आजारी पडले म्हणून होडी अडून बसली नाही, ही गोष्ट मला तेव्हा विशेष वाटली नव्हती. पुढे एका बंदरात आतल्या इंजिनाच्या लाँचचा क्रँकशाफ्ट गेला आणि ती सबंध हंगाम एका जागी सडत पडलेली मी पाहिली, तेव्हा ती वाटली.

या काढता येण्याच्या कल्पनेचा जन्म आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे. पॅरिसमध्ये गुस्ताव त्रुव्हे याने 1881 साली सीन नदीवर एक छोटी होडी विजेच्या मोटारीने चालवून दाखवली होती. मोटार आणि पंखा सुकाणूवर बसवलेले होते आणि सुकाणूसकट उचलून काढता येत होते. म्हणजे पहिले आउटबोर्ड पेट्रोलवर नव्हे, बॅटरीवर चालले. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने पेट्रोलचे आउटबोर्ड 1906 च्या सुमारास विकायला काढले. पण नाव झाले ते ओले एविनरूड याचे. हा 1877 साली नॉर्वेत जन्मलेला, लहानपणीच आईबापांबरोबर विस्कॉन्सिनला गेलेला कारागीर. ऑगस्ट 1906 मध्ये मिल्वॉकीजवळच्या एका तळ्याकाठी सहलीला गेला असता बेस नावाच्या त्याच्या मैत्रिणीला आइस्क्रीम खावेसे वाटले, तो भर उन्हात दुसऱ्या काठापर्यंत वल्हवत गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले, आणि त्या रागातून त्याने इंजिन बनवायचे ठरवले, अशी गोष्ट सांगतात. ती इतकी गोड आहे की जाहिरातीसाठी पुष्कळ घासूनपुसून घेतलेली असणार, असे मला वाटते. पण पुढचा भाग पक्का आहे. त्याने ओतीव लोखंडाचे आणि पितळेचे दीड अश्वशक्तीचे इंजिन बनवले, त्याचे वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास होते, आणि 1909 पासून ते बाजारात विकले जाऊ लागले.

अठ्ठावीस किलो. मामांच्या इंजिनापेक्षा एक किलो जास्त. ताकद मात्र मामांच्या इंजिनाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. मधल्या काळात इंजिनाने वजन तेच ठेवून ताकद वाढवत नेली याला कारण आहे. एका माणसाला उचलता आले पाहिजे ही अट सुटली असती तर ते आउटबोर्ड राहिले नसते. एविनरूडने स्वतःच पहिली कंपनी विकल्यावर 1921 मध्ये अ‍ॅल्युमिनियम वापरून नवे, दोन सिलिंडरचे इंजिन काढले. ते तीन अश्वशक्तीचे होते आणि तरीही पहिल्या इंजिनाहून हलके होते. बेस तोपर्यंत त्याची बायको झालेली होती आणि धंद्याचा कागदोपत्री सारा भार तिच्याच डोक्यावर होता. पहिले इंजिन पाहून हे कॉफी दळायच्या यंत्रासारखे दिसते असे ती म्हणाली होती आणि जाहिरात मात्र तिने अशी लिहिली की वल्हवू नका, वल्ही फेकून द्या. ती जाहिरात मामांनी वाचली असती तर त्यांनी बेसबाईंना दोन शब्द ऐकवले असते. त्याचे कारण पुढे येईल.

इंजिन बाहेर टांगायचे तर टांगायला जागा हवी, आणि इथे आपल्या होड्यांची अडचण झाली. दक्षिण कोकणातली जुनी होडी दोन्ही टोकांना निमुळती असे, एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल राखायला बाहेर काढलेले तरते लाकूड, असे आणि पुढे-मागे फारसा भेद नसे. वाळूवर लाटेतून आत-बाहेर करायला हा आकार उत्तम, कारण मागून आलेली लाट टोकावर दुभंगते. पण टोकावर इंजिन कसे लावणार? मग कोणी बाजूला एक मजबूत लाकूड ठोकून त्याला इंजिन लावले आणि होडी सतत एका अंगाला ओढ खाऊ लागली. कोणी होडीचे मागचे टोक कापून तिथे आडवी फळी बसवली. शेवटी सपाट पिछाडीच्या होड्याच बांधल्या जाऊ लागल्या, आणि फायबरच्या होड्या आल्या त्या मुळातच सपाट पिछाडी घेऊन आल्या. केरळात 1980 च्या दशकात असेच झाले. तिथे प्लायवुडच्या, सपाट पिछाडीच्या होड्या आउटबोर्डसाठीच तयार झाल्या आणि पेट्रोलवर सुरू होऊन नंतर रॉकेलवर चालणारी इंजिने त्या किनाऱ्यावर घरोघरी पोचली. होडीबाहेर राहतो म्हणणाऱ्या यंत्राने होडीचे अंगच बदलून टाकले. आमच्या गावातला शेवटचा उलांडीवाला सुतार ही नवी होडी पाहून म्हणे की हिचा कुल्ला कापलेला आहे. सुतार बोलायला तिखट होता, पण चूक नव्हता. सपाट पिछाडीला इंजिनासाठी ठेवलेली खाच बाकीच्या काठापेक्षा खाली असते, आणि मागून लाट आली की तिथूनच पाणी आत येते.

त्या फळीची उंचीही वाटेल तशी चालत नाही. लहान इंजिनाचा पाय साधारण पंधरा किंवा वीस इंचांच्या फळीसाठी केलेला असतो. फळी उंच पडली तर पंखा वर येऊन हवा ओढतो, इंजिन रिकामेच किंचाळते आणि होडी पुढे जात नाही. फळी खाली पडली तर पाय जास्त बुडून पाण्याला अडतो आणि मागे फवारा उडतो. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाशी जवळजवळ समपातळीत आली पाहिजे. मामांनी हे कुठे वाचलेले नव्हते. त्यांनी जांभ्याच्या कठड्यावर बसून, फळीवर फणसाच्या लाकडाची एकेक चिपटी वाढवत आणि प्रत्येक वेळी धक्क्यापासून पलीकडच्या पुळणीपर्यंत जाऊन येत, तीन दिवसांत ते शोधून काढले.

आठ अश्वशक्ती कमी की जास्त, यावर आमच्या मामेभावाचे आणि मामांचे वर्षानुवर्षे वाजत असे. हिशोब असा आहे. सलग तासभर वल्हवणारा धडधाकट माणूस शंभर वॉटच्या आसपास ताकद लावू शकतो. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट. म्हणजे आठ अश्वशक्तीच्या इंजिनात, कागदावर तरी, साठ माणसे वल्हवत असतात. पण म्हणून होडी साठपट पळत नाही. पाणी कापत जाणारी होडी स्वतःच लाट उठवते आणि एका वेगानंतर त्या लाटेच्या खळग्यात अडकते. हा वेग होडीच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो; सोळा फुटांच्या होडीला तो ताशी दहा किलोमीटरच्या आसपास पडतो. त्यापुढे जायचे तर होडीला पाण्यावर उचलून घसरत न्यावे लागते, आणि जाळे, बर्फ, चार माणसे घेतलेली जड होडी उचलायला आठ अश्वशक्ती पुरत नाहीत. म्हणून दुप्पट मोठे इंजिन लावूनही ती होडी त्याच खळग्यात, दुप्पट पेट्रोल पिऊन, जवळजवळ तेवढीच चाले. मामांना हे गणित माहीत नव्हते, अनुभव माहीत होता. ते एवढेच म्हणत की घाई मासळीला नसते.

इंजिन सुरू करण्याचा त्यांचा विधी मला पाठ आहे. दर पाच लिटर पेट्रोलात शंभर मिलिलिटर तेल. त्यासाठी खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली होती, तिला दुसरे कोणी हात लावायचा नाही. कॅन दोन्ही हातांनी झुलवायचा. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबायचा, चोक ओढायचा, दोरी आधी हळू ओढून अडते तिथे आणायची आणि मग एका झटक्यात ओढायची. सुरू झाले की पुढे बघायचे नाही, मागे बघायचे.

"आधी पाणी टाकता काय बघ, मगे पुढे जा."

इंजिनाच्या मानेपासून एक बारीक धार बाहेर पडते. खाली पायात एक रबरी पात्यांचे चाक असते, ते समुद्राचे पाणी वर ढकलते, ते पाणी इंजिनाभोवती फिरून त्याला थंड करते आणि त्यातला थोडा भाग या भोकातून धारेने बाहेर येतो. धार दिसली तर सगळे ठीक. धार बंद म्हणजे भोकात वाळू किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली, किंवा आतले रबर गेले; मिनिटभरात बंद केले नाही तर इंजिन आतून धरते, म्हणजे जाम होते. गावात या धारेला जो शब्द आहे तो इथे लिहिण्याजोगा नाही, पण लहान मुले तो मोठ्या आनंदाने ओरडत असत.

परत आल्यावर याच्या उलटा विधी. अंगणात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे पिंप असे. त्याच्या काठाला फळी बांधून इंजिन आवळायचे आणि दहा मिनिटे पिंपातच चालवायचे, म्हणजे आतल्या वाटांमधले मीठ धुऊन निघते. सगळ्या कोंबड्या आवाजाने शेजारच्या कुंपणात जात. पिंपातले पाणी कोमट आणि निळसर होई, आणि त्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग येई. तो तवंग आम्हाला फार सुंदर वाटे. ते तवंग नेमके काय होते ते पुढे कळले. जुन्या पद्धतीच्या दोन स्ट्रोक इंजिनात नवे मिश्रण आत येताना आणि जळलेला धूर बाहेर जाताना दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या असतात, त्यामुळे पेट्रोलचा चौथा हिस्सासुद्धा न जळताच पाण्यात निसटू शकतो. मामांनी इतकी वर्षे चार लिटर विकत घेऊन त्यातले जवळजवळ एक लिटर खाडीला पाजले, असा त्याचा सरळ अर्थ आहे. ज्या पाण्यातून मुडदुशे आणि तिसऱ्या काढायच्या त्याच पाण्याला. त्या यंत्राबद्दल मला कितीही माया असली तरी हे मला झाकता येत नाही.

बाहेर टांगलेली वस्तू पडू शकते. 1994 च्या फेब्रुवारीत, देवबागच्या टोकाजवळ, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे आमचे इंजिन पडले. मी होडीत होतो. क्लॅम्प थरथरीने हळूहळू सैल होतात, ते दर फेरीला आवळून बघावे लागतात, आणि त्या दिवशी बघायचे राहून गेले होते. बारवरच्या, म्हणजे खाडीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यावरच्या, लाटा संपल्या म्हणून मामांनी वेग कमी केला, वळायला हँडल ओढले, आणि फळीवरून एक करकर आवाज आला. मी मागे पाहिले तेव्हा मामांच्या हातात काही नव्हते. पेट्रोलची नळी तुटून फळीवर लोंबत होती आणि पाण्यावर बुडबुडे येत होते.

मामांनी हाक मारली नाही की शिवी दिली नाही. त्यांनी पायाशी पडलेला नांगर उचलला आणि बुडबुड्यांवर टाकला. मग खाली बसून म्हणाले, आता पाणी थांबेपर्यंत थांबायचे. ओहोटी जोरात वाहत होती, होडी नांगराच्या दोराला ताण देऊन उभी होती, आणि आम्ही पाऊण तास एकमेकांशी न बोलता बसलो. सुकती संपून भरती लागण्याआधी पाणी जरा वेळ उभे राहते. तेवढ्यात मामा दोर धरून खाली गेले, दोन वाव, म्हणजे बाराएक फूट, पाणी होते, तिसऱ्या बुडीला इंजिनाच्या मानेला दोर बांधून आले. आम्ही दोघांनी ओढून ते आत घेतले. वेग कमी होता म्हणून निभावले. जोरात चालते इंजिन पाणी गिळते तेव्हा ते पाणी दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो.

मी ते फडक्याने पुसू लागलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. घरी पोचताच ते सरळ पिंपातल्या गोड्या पाण्यात डोक्यासकट बुडवले.

"तेका बुडवन ठेव. वारो लागाक देव नको."

पाण्यातून काढलेली वस्तू पुन्हा पाण्यात का बुडवायची, हे तेव्हा मला वेड्यासारखे वाटले. पण खारे पाणी आणि हवा एकत्र आली की गंज तासाभरात धरतो. गोड्या पाण्यात बुडवून ठेवले तर मीठ विरघळते आणि हवा लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणचा दुरुस्तीवाला आला. स्पार्क प्लग काढले, इंजिन कलंडवून दोरी ओढत आतले सगळे पाणी बाहेर उडवले, तेल सोडले, कार्बोरेटर सुटा करून धुतला, आणि दुपारी तीनच्या सुमारास पहिल्यांदा निळा धूर निघाला. मामी तोवर जेवली नव्हती. त्यानंतर इंजिनाच्या मानेपासून होडीच्या आतल्या कडीपर्यंत एक जाड नायलॉनची दोरी कायमची आली.

त्या दिवशी आम्ही घरी आलो ते वल्ह्यांवर. इंजिन गेले म्हणजे जोरही गेला आणि सुकाणूही गेले. दोन्ही एकाच वस्तूत असण्याचा हा दुसरा अर्थ. म्हणून धक्क्यावरून निघताना मामांचा प्रश्न कायम एकच असे, वल्ही घेतलंस काय रे? आणि कोणी हसले तर पुढचे वाक्यही ठरलेले, "मशीन दगो देतला, वल्हा देवचा नाय."

आता मामेभाऊ तारकर्लीला पर्यटकांची होडी चालवतो. त्याच्या फायबरच्या बोटीला चार स्ट्रोकचे साठ अश्वशक्तीचे इंजिन आहे. तेलाची बाटली नाही, दोरी ओढणे नाही, बटण दाबले की सुरू, आणि आवाज इतका कमी की डॉल्फिन दाखवताना पर्यटकांशी बोलता येते. पाण्यावर तवंग येत नाही. चालकाच्या मनगटाला लाल दोरी असते. तो पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडते, म्हणजे रिकामी होडी फिरून त्याच्याच अंगावर पंखा घेऊन येत नाही. मामेभाऊ ही दोरी मनगटाला बांधण्याऐवजी हँडलला गुंडाळून ठेवतो, यावरून आमचे भांडण झालेले आहे आणि पुढच्या खेपेला पुन्हा होणार आहे. इंजिन म्हणून ते मामांच्या इंजिनापेक्षा प्रत्येक बाबतीत सरस आहे, हे मी मान्य करतो. फक्त त्याचे वजन शंभर किलोच्या वर आहे. ते बोल्टने कायमचे बसवलेले आहे, ते खांद्यावर येत नाही, एस.टी.त जात नाही, आणि बिघडले की सबंध बोट ट्रॉलीवर चढवून न्यावी लागते. ते फळीच्या बाहेर आहे म्हणून त्याला आउटबोर्ड म्हणायचे. होडीत जागा वाचली, पंखा उचलता आला, वळणे सोपे झाले, एवढे फायदे त्याच्याकडे शाबूत आहेत. पण ज्या फायद्यासाठी एविनरूड अ‍ॅल्युमिनियमच्या मागे लागला तो तिथे उरलेला नाही.

तो फायदा आता बॅटरीवरच्या लहान मोटारींकडे परत जाताना दिसतो. टॉर्किडो ही जर्मन कंपनी 2005 साली निघाली. तिच्या लहान मोटारींची बॅटरी वेगळी निघते, दांडा वेगळा निघतो आणि दोन्ही हातांत धरून घरी नेता येतात. त्रुव्हेच्या सुकाणूपाशीच आपण फिरून आलो असे म्हणता येईल. पण किलोभर पेट्रोलात सुमारे बारा युनिट ऊर्जा असते आणि किलोभर लिथियम बॅटरीत युनिटचा पाचवा हिस्साही जेमतेम. पेट्रोलची बरीचशी ऊर्जा उष्णतेत वाया जाते हे धरूनही अंतर मोठे राहते. खाडीतल्या तरीला, पलीकडच्या काठावर माणसे सोडायला, ही मोटार आजही उत्तम चालेल. जाळे घेऊन बारपलीकडे जाणाऱ्याला ती कोणी सुचवू नये.

1 जून ते 31 जुलै असे एकसष्ट दिवस राज्यात समुद्रातल्या मासेमारीला बंदी असते. ती यंत्रावर चालणाऱ्या नौकांना लागू आहे; बिगर-यांत्रिक पारंपरिक होड्यांना तिच्यातून सूट आहे. थोरल्या मामांनी या नियमाचा जो अर्थ लावला होता तो अगदी अक्षरशः होता. आमची होडी यांत्रिक आहे की बिगर-यांत्रिक, असे कोणी विचारले तर ते पडवीतल्या घोड्याकडे बोट दाखवत. इंजिन तिकडे, होडी इकडे. समुद्रात तसेही पावसाळ्यात कोण जातो. ते जात खाडीत, सरींच्या मधल्या उघडिपीत, वल्ही घेऊन.

मागच्या जुलैत मीही त्यांच्याबरोबर गेलो. ते आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि वल्ही माझ्या हातात होती. निघण्यापूर्वी त्यांनी पडवीत जाऊन गोणपाट बाजूला केले आणि इंजिनाची दोरी दोनदा हळूच ओढून सोडली. आतली रिंग चिकटू नये म्हणून हे ते दर आठवड्याला करतात, जरी ते इंजिन गेली सहा वर्षे पाण्यात उतरलेले नाही. खाडीचे पाणी पुराने लाल झाले होते आणि वर कांदळांची पाने वाहत होती. मी पाठमोरा वल्हवत होतो, त्यामुळे सबंध वेळ माझ्यासमोर पिछाडीची ती फळी होती. तिच्यावर क्लॅम्पच्या दाबाने पडलेले दोन गोल खळगे आहेत, रुपयाएवढे, आणि सरीचे पाणी त्यांत साठून राहिले होते. मामा शेजारी बसून त्यातल्या एकात अंगठा बुडवत म्हणाले, डावे वल्हे खोल जातेय.